मुलांना घेऊन घरदुरुस्तीचे शिबिर : या चुका टाळा

कोकणातल्या एखाद्या वाडीवर कनिष्ठ महाविद्यालयातील मुलामुलींना घेऊन घरदुरुस्तीचे शिबिर भरवायचे ठरले, की बहुधा आधी तारखा ठरतात, मग बॅनर छापला जातो आणि घर सर्वांत शेवटी निवडले जाते. पुढच्या निम्म्या चुका या क्रमातूनच उद्भवतात.

घर निवडताना जागा कोणाची आहे, हे न पाहणे ही त्यांतली मोठी चूक होय. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी वाड्या खासगी मालकांच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. तेथे नवे वासे चढलेले दिसले की मालक हरकत घेऊ शकतो आणि त्याचा जाच, शिबिर उठून गेल्यावर, त्या कुटुंबाला सोसावा लागतो. म्हणून ग्रामपंचायतीतून घराचा आठ नंबरचा उतारा, म्हणजे घराच्या नोंदीचा दाखला, पाहून सरपंच आणि मालक यांच्याशी आधीच बोलून घ्यावे. त्याच वेळी शबरी, रमाई किंवा प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले आहे का, हेही विचारावे. जुने घर लवकरच पाडले जाणार असेल, तर तेथे एका पावसापुरती ताडपत्री पुरेशी आहे.

सर्वाधिक फसगत होते ती गळती शोधताना. भिंतीवर जेथे ओल दिसते, तेथलेच वरचे कौल बदलले जाते आणि पहिल्या पावसात पाणी पुन्हा त्याच जागी ठिबकू लागते, कारण फटीतून शिरलेले पाणी वाशाच्या उताराने बरेच खाली वाहत येऊन मग गळते. यासाठी भर दुपारी दारे-खिडक्या लावून माजघरात उभे राहावे, कौलांतून जेथे उजेड दिसतो तेथे काठीला बांधलेल्या खडूने वाशांवर खुणा कराव्यात आणि ओलीच्या जागेपासून आढ्याच्या, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच कडेच्या, दिशेने शोध घ्यावा. तरीही दोष सापडला नाही, तर कारागिराकडून छपरावर थोडे थोडे पाणी ओतवून घ्यावे. मात्र सुरुवात वळचणीकडून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेकडून, करावी, कारण आढ्यावरून ओतलेले पाणी खालच्या प्रत्येक फटीत शिरते आणि नेमकी कोणती फट गळते, ते कळत नाही.

मंगलोरी कौले वरवर सारखी दिसली तरी ती सगळी एकमेकांत बसत नाहीत. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन परिसरातील असंख्य घरांची कौले उडाली. अशा वेळी जेथून मिळतील तेथून कौले आणली जातात, आणि कारखाना वेगळा असला की खाचाही वेगळ्या असतात. कौलावर कारखान्याचा शिक्का असतो. त्या शिक्क्यानुसार ढीग लावणे, शेवाळ घासून काढणे आणि टिचकी मारून खणखणीत वाजणारे कौल ठेवून बद्द वाजणारे बाजूला काढणे, हे काम मुले उत्तम करतात.

छपरावर मात्र एकाही मुलाला चढू देऊ नये, मग तो कितीही काटक असो आणि पालकांचे संमतिपत्र हाती असो. वाशावर पाय कोठे द्यावा हे जाणणारा गावचा कारागीर मजुरी देऊन बोलवावा; शिबिराचा खर्च त्यासाठी वाढला तर बॅनर छापू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांपासून मुलांना दूरच ठेवावे. ते भाराखाली अचानक तुटतात आणि त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते, ज्याची कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांना कायमची इजा करते. काम सुरू होण्यापूर्वी घराचा मेन स्विच बंद करावा, हे वेगळे सांगायला नको.

मातीच्या भिंतीला ‘पक्की’ करण्याच्या हौसेने सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल कोंडते, काही काळाने गिलावा पोपडे धरून सुटतो आणि सोबत मातीही घेऊन येतो. भाताचा तूस घालून मुरवलेल्या मातीचा लेप आणि वर शेणाचा हात हेच योग्य, आणि ते कसे करावे हे घरातली बाई कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा नीट शिकवते.

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात, तर कोकणात घरे शाकारली जातात, म्हणजे पावसाआधी छपरे नीट केली जातात, ती मे महिन्यात. मधल्या काळात माकडे छपरावर नाचून कौले सरकवतात आणि फोडतातही. म्हणून शिबिर संपताना त्याच शिक्क्याची काही जादा कौले पडवीत रचून ठेवावीत आणि पावसाच्या तोंडावर कारागिराची एक फेरी आधीच ठरवून तिची मजुरी त्याच्याकडे देऊन ठेवावी.