पूरमैदानातली गवताखालची पोयट्याची माती: नव्याने मृदा सर्वेक्षणात येणाऱ्यांसाठी

मृदा सर्वेक्षण शिकायला आलेल्यांना मी पहिली माती म्हणून पूरमैदानातली गवताखालची पोयट्याची (वाळू, गाळकण आणि चिकणकण यांचा समतोल असलेली) मातीच दाखवतो. तिच्यात डोळ्यांत भरावं असं काही नसतं. वरून पाहिलं तर नुसतं सपाट कुरण. पण एकाच खड्ड्यात दोन विरुद्ध कामं चाललेली दिसतात. नदी पुरासोबत गाळ आणून थरावर थर टाकत असते, आणि गवताची मुळं, गांडुळं, मुंग्या, बिळं करणारे प्राणी तेच थर ढवळून एकजीव करत असतात. कोणत्या खोलीपर्यंत गवताची सरशी झाली आणि कुठून खाली नदीचं राज्य सुरू होतं, हे नजरेला कळलं की वर्गीकरणाचं निम्मं काम उरकलेलं असतं. ते न पाहता थेट वर्गीकरणाची पुस्तिका उघडली, की माणूस नावांच्या जंगलात हरवतो.

आधी जागा. पुराचं पाणी पात्राबाहेर पडलं की त्याचा वेग एकदम कमी होतो, आणि सगळ्यात जड कण सगळ्यात आधी खाली बसतात. म्हणून काठालगत वाळू जास्त असलेला, थोडा उंच पट्टा तयार होतो. त्याला नैसर्गिक बांध किंवा लेव्ही म्हणतात. तिथून दूर जावं तसतसा गाळ बारीक होत जातो, आणि सखल भागात, जिथे पाणी दिवसेंदिवस साचून राहतं, तिथे चिकणमाती बसते. पोयटा साधारणपणे या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात सापडतो. त्यातही नदीने पूर्वी पात्र बदललेलं असेल तर जुन्या प्रवाहाच्या खुणा मध्येच आडव्या येतात. त्यामुळे कुदळ मारण्याआधी नदीला काटकोनात एक रेषा धरून ऑगरने, म्हणजे हाताने फिरवायच्या गिरमिटाने, भोकं पाडत जावं, आणि मगच खड्ड्याची जागा ठरवावी. नवशिके हे टाळतात, कारण ऑगर फिरवून हात दुखतात. पण खड्डा चुकीच्या जागी निघाला तर दुखणं कितीतरी जास्त.

खड्डा दीड ते दोन मीटर खोल हवा. तपासायची बाजू अशी निवडावी की काम करताना तिच्यावर उजेड राहील. त्या बाजूच्या वर उभं राहायचं नाही, उपसलेली माती तिथे टाकायची नाही, आणि गवत तर अजिबात तुडवायचं नाही. पूरमैदानात एक जादा काळजी लागते. खालचे वाळूचे थर ओले असले की भिंत कसलीही सूचना न देता कोसळते, आणि भूजलपातळी वर असेल तर तळाला पाणी येऊ लागतं. एकट्याने खोल खड्ड्यात उतरू नये. सर्वेक्षणाच्या वर्गात यावर पुरेसं बोललं जात नाही, असं माझं मत आहे.

फावड्याने कापलेली भिंत गुळगुळीत असते आणि खोटं बोलते. चाकूच्या टोकाने माती उचकटत वरून खाली या, म्हणजे ढेकळं आपापल्या नैसर्गिक फटींवर तुटतील. वरच्या पाच-दहा सेंटिमीटरमध्ये मुळ्यांचं इतकं दाट जाळं असतं की मूठभर माती उचलली तर ती मुळ्यांना लटकून वर येते. हलकेच झटकलं की गोलसर, सच्छिद्र कण सुटे होऊन खाली पडतात आणि मुळ्या हातात राहतात. ही दाणेदार घडण म्हणजे गवताची सही. कण फोडून आत पाहिलं तर केसाएवढ्या मुळ्या आरपार गेलेल्या दिसतात, गांडुळांच्या विष्ठेच्या गुळगुळीत गोळ्या दिसतात. खाली जावं तसे हे कण मोठे होत कोनदार ढेकळांत बदलतात, आणि जिथे घडण पूर्ण संपून आडव्या, पातळ, वेगवेगळ्या पोताच्या चकत्या दिसू लागतात तिथे ढवळणाऱ्यांचा हात पोचलेला नसतो. ती खोली टेपने मोजून लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या चर्चेत ती लागणार आहे.

रंग मन्सेल चार्टवरच, म्हणजे मातीच्या रंगांच्या प्रमाणित नमुन्यांवरच, पाहायचा, आणि ओल्या व कोरड्या अशा दोन्ही अवस्थांत. ताजं तुटलेलं ढेकूळ, ऊन थेट पडलेलं, डोळ्यावर गॉगल नाही, संध्याकाळची तांबूस उन्हं नाहीत. या अटी क्षुल्लक वाटतात. पण अमेरिकन वर्गीकरण पद्धतीत ज्याला मॉलिक म्हणतात तो गडद वरचा थर ठरवताना ओल्या मातीची व्हॅल्यू (रंगाचा उजळपणा) ३ किंवा कमी, कोरडीची ५ किंवा कमी, आणि ओलीचा क्रोमा (रंगाची तीव्रता) ३ किंवा कमी असावा लागतो. ३ आणि ४ यांच्यातला फरक संध्याकाळच्या उजेडात सहज चुकतो, आणि त्यावर मातीचा अख्खा गण, म्हणजे वर्गीकरणातला सगळ्यात वरचा वर्ग, बदलतो.

पोत आधी बोटांनी ओळखावा. मुळ्या आणि खडे काढून टाका, थोडं थोडं पाणी घालत माती मळा, गोळा करा आणि अंगठ्याने तर्जनीवर दाबत पट्टी पुढे सरकवा. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली, आणि बोटांना खरखरही फार लागत नाही की गुळगुळीतपणाही फार जाणवत नाही, तर ती पोयटा. टाल्कम पावडरीसारखा मऊपणा वरचढ ठरत असेल तर ती गाळकणांकडे, म्हणजे सिल्ट लोमकडे झुकलेली असते. कणांच्या प्रमाणावरून पोत ठरवणाऱ्या अमेरिकन त्रिकोणात पोयट्याची जागा मधोमध आहे: चिकणकण ७ ते २७ टक्के, गाळकण २८ ते ५० टक्के, वाळू ५२ टक्क्यांपर्यंत. गवताखालच्या मातीत एक गोम असते. सेंद्रिय पदार्थ भरपूर असला की माती प्रत्यक्षापेक्षा जास्त मऊ लागते, आणि वरचा थर हमखास सिल्ट लोम वाटतो. बोटांचा निर्णय लिहून ठेवा, प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहा, आणि पुढच्या वेळी तेवढी वजावट मनात धरा. हाताला वळण असंच लागतं.

आता भिंतीचा खालचा भाग. पूरमैदानाची खरी गंमत इथे आहे. फिकट, रेताड थराखाली अचानक पुन्हा एक गडद थर लागला, तर तो बहुधा जुना पृष्ठभाग असतो: कधीकाळी तिथे गवत होतं, मग मोठ्या पुराने त्यावर जाड गाळ टाकला आणि ते गाडलं गेलं. नोंदीत असा थर 'एबी' (ए म्हणजे वरचा थर, बी म्हणजे गाडलेला) असा लिहितात, आणि गाळाचा स्रोत किंवा पोत स्पष्ट बदलला असेल तर त्याआधी २ हा आकडा लावतात. मात्र गडद रंग म्हणजे सेंद्रिय कर्बच असं धरून चालू नका. मँगनीजचे काळे ठिपके आणि लेपही तसा भास करतात. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर मँगनीज जोरात फसफसतं.

ठिपके हा स्वतंत्र विषय आहे. पाणी साचून हवा संपली की लोह विरघळून दुसरीकडे जातं. जिथून गेलं तिथे राखाडी डाग राहतात आणि जिथे पुन्हा हवा मिळाली तिथे गंजासारखे नारिंगी डाग जमतात. नारिंगी डाग जिवंत मुळांभोवती असतील तर ओलावा बहुधा आजचा आहे. पण आज निचरा झालेल्या मातीतही जुने ठिपके तसेच राहू शकतात, म्हणून नुसत्या ठिपक्यांवरून भूजलपातळी सांगू नये. अल्फा-अल्फा डायपिरिडिल हे रसायन लावल्यावर माती लालसर गुलाबी झाली, तर त्या क्षणी तिथे विरघळलेलं लोह आहे एवढं नक्की.

प्रयोगशाळेत दोन जागी हात आखडता घेऊ नका. पहिली, कणांचं पृथक्करण. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून माती नीट विस्कटली नाही तर चिकणकणांचे गुच्छ गाळकण म्हणून मोजले जातात. गवताखालच्या वरच्या थरात सेंद्रिय पदार्थच कणांना चिकटवून ठेवतो, म्हणून तो आधी पेरॉक्साइडने जाळून टाकावा. हायड्रोमीटरचं (गढूळ पाण्याची घनता मोजणाऱ्या उपकरणाचं) पहिलं वाचन ४० सेकंदांनी घेतात, चिकणकणांचं काही तासांनी. तापमानाची दुरुस्ती विसरू नये, कारण कण खाली बसण्याचा वेग पाण्याच्या दाटपणावर अवलंबून असतो. दुसरी जागा, सेंद्रिय कर्ब. रसायनाने कर्ब जाळून मोजायच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, म्हणून उत्तराला सहसा १.३ ने गुणतात. कर्ब प्रत्येक थराचा काढा, अगदी सव्वा मीटर खोलीपर्यंत. खर्च वाचवायला खालचे नमुने टाळले, तर या मातीचं वर्गीकरण करताच येत नाही.

ते का, हे एका कल्पित खड्ड्यावरून पाहू. समजा ० ते ३५ सेंटिमीटर: गडद, १० वायआर २/२ (मन्सेलमधली रंगछटा, मग व्हॅल्यू आणि क्रोमा), दाणेदार पोयटा, कर्ब २.१ टक्के. ३५ ते ८० सेंटिमीटर: फिकट, चकत्या दिसणारा रेताड पोयटा, कर्ब ०.३ टक्के. ८० ते १०५ सेंटिमीटर: पुन्हा गडद, कर्ब ०.८ टक्के. त्याखाली राखाडी-नारिंगी ठिपके. सामू उदासीन, सगळ्या थरांत बेस संपृक्तता (मातीने धरलेल्या आयनांत कॅल्शियम, मॅग्नेशियम अशांचा वाटा) ५० टक्क्यांच्या वर, हवामान दमट. वरचा थर रंग, जाडी, कर्ब (किमान ०.६ टक्के) आणि बेस संपृक्तता या कसोट्यांना उतरतो, म्हणून तो मॉलिक आणि माती मॉलिसोल. दमट हवामानामुळे उपगण युडोल्स. कर्ब खोलीसोबत सरळ घटत न जाता मध्येच वाढला, आणि हीच नदीची खूण. म्हणून नाव फ्लुव्हेन्टिक (नदीची छाप असलेली) हॅप्ल्युडोल्स. ठिपके याहून बरेच वर असते तर नावात पाण्याचीही नोंद आली असती. गडद थर खूपच जाड असता, म्हणजे गाळ इतका हळूहळू आला असता की गवताने तो येईल तसा पचवला असता, तर क्यूम्युलिक. आणि मॉलिक थर बनलाच नसता, नुसत्या चकत्याच असत्या, तर माती एन्टिसोल, म्हणजे थर फारसे न घडलेल्या तरुण मातींच्या, गणातल्या फ्लुव्हेन्ट्समध्ये गेली असती. नदी आणि गवत यांच्या ओढाताणीचा निकाल असा नावातच उतरतो.

जागतिक पद्धतीत, म्हणजे डब्ल्यूआरबीमध्ये, प्रश्न त्याच क्रमाने विचारले जात नाहीत. तिथे ३२ मुख्य गट एका ठरलेल्या रांगेत आहेत आणि माती ज्या गटाच्या अटी पहिल्यांदा पूर्ण करते तिथेच थांबायचं. २००६ च्या आवृत्तीत फ्लुव्हिसोल (गाळाचे थर दिसणाऱ्या माती) रांगेत पुढे होते. २०१४ पासून ते शेवटाकडे गेले. त्यामुळे गाळाचे स्तरही वरपासून दिसतात आणि मॉलिक थरही आहे अशी माती जुन्या आवृत्तीत फ्लुव्हिसोल ठरायची, आता ती आधीच फिओझेममध्ये (गडद वरच्या थराच्या मातींच्या गटात) अडकते. मातीत कणभरही बदल नाही, रांग बदलली. म्हणून जुना नकाशा हातात आला की आधी त्याची आवृत्ती पाहा, आणि स्वतःच्या अहवालात नावाशेजारी आवृत्तीचं वर्ष लिहा. नोकरीच्या मुलाखतीत फ्लुव्हिसोल म्हणजे काय हे विचारण्यापेक्षा ही माती फ्लुव्हिसोल का नाही हे विचारलं जाण्याची शक्यता जास्त, आणि त्याचं उत्तर रांगेत आहे.

या क्षेत्रात पुढे जायचं असेल तर जीआयएस (संगणकावर नकाशे हाताळण्याचं तंत्र) आणि सांख्यिकी शिकावीच लागते. त्यावर सल्ले देणारे भरपूर आहेत, मी भर घालत नाही. खड्ड्याची वही मात्र जागेवरच पूर्ण करायची सवय लावा. थराची सीमा एकदम बदलणारी आहे की विरळत जाणारी, सरळ की नागमोडी, मुळ्या कुठे संपतात, आम्लाचा थेंब टाकल्यावर चुना फसफसतो का: या गोष्टी पिशवीतल्या नमुन्यावरून परत मिळत नाहीत. नाव नंतर बदलता येतं, वर्णन नाही.

आणि एका खड्ड्याचं नाव अख्ख्या मैदानाला देऊ नका. पूरमैदानात वीस-तीस मीटरवर पोत बदलू शकतो. नकाशावर अशा जागी एकच माती दाखवण्यापेक्षा दोन-तीन मातींचं मिश्र एकक दाखवावं, प्रत्येकीचं अंदाजे प्रमाण द्यावं आणि ती बांधावर, मधल्या पट्ट्यात की सखल भागात सापडते ते शब्दांत लिहावं. नकाशा वापरणाऱ्याला मग कुरणात उभं राहून जमिनीचा उंचसखलपणा पाहून आपल्या पायाखाली कोणती माती असेल याचा अंदाज बांधता येतो.