जुन्या जपानी कॉपी गिटारींची तुलना करताना या चुका टाळा

‘टोकाईची लव्ह रॉक चांगली की गिब्सनची लेस पॉल?’ जुनी जपानी गिटार घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. लेस पॉल ही अमेरिकेच्या गिब्सन कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, आणि लव्ह रॉक ही टोकाई या जपानी कंपनीने केलेली तिची नक्कल. त्याचं उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नात ना गिब्सनचं साल आहे, ना टोकाईचा दर्जा. तरीही लोक उत्तरं देतात, ती ऐकून कुणीतरी पैसे मोजतो आणि हातात भलतीच वस्तू येते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जपानमध्ये काही विलक्षण सुंदर गिटारी बनल्या, काही बऱ्या बनल्या आणि काही निव्वळ स्वस्तात विकण्यासाठी बनल्या. तिन्हींवर ‘मेड इन जपान’च लिहिलेलं आहे.

साल न सांगता तुलना करणं

ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच येतात.

ज्या लेस पॉलसाठी जग वेडं आहे, ती १९५८ ते १९६० या काळात मिशिगनमधल्या कॅलमझू इथे बनलेली सनबर्स्ट, म्हणजे कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाची. मग ते रूपच बंद झालं आणि लेस पॉल परत आली ती १९६८ मध्ये. त्यानंतर लगेच मालकी बदलली आणि सत्तरच्या दशकात नॉर्लिन या नव्या मालक कंपनीच्या अमलाखाली गिटारची घडणही बदलली: थर चिकटवून केलेली बॉडी, तीन तुकड्यांची नेक (गिटारची मान), हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या, खुंट्यांच्या भागाच्या) मागे उंचवटा. फेंडर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचंही तसंच झालं. जानेवारी १९६५ मध्ये ती सीबीएस या प्रसारण कंपनीकडे गेली, तिच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारीचा हेडस्टॉक मोठा झाला आणि १९७१ च्या अखेरीस नेक चारऐवजी तीन बोल्टवर आली.

नेमक्या याच वेळी जपानी कारखाने पन्नाशीच्या दशकातल्या गिटारींचा बारकाईने अभ्यास करत होते. हामामात्सूच्या टोकाईने १९७८ मध्ये ‘लेस पॉल रीबॉर्न’ काढली. तीच पुढे ‘लव्ह रॉक’ झाली. मात्सुमोतोच्या फुजीजेन कारखान्यातून ग्रेको या नावाने ‘सुपर रियल’ मालिका आली. म्हणजे १९८० ची चांगली टोकाई नक्कल करत होती १९५९ च्या गिब्सनची, तेव्हा दुकानात मिळणाऱ्या गिब्सनची नव्हे. ‘जपानी गिटार मूळ गिटारीपेक्षा सरस’ ही ख्याती इथून आली आणि तिच्यात तथ्य आहे. पण ते तथ्य त्या विशिष्ट वर्षांपुरतं आहे. आजच्या गिब्सनशी किंवा खुद्द १९५९ च्या गिटारीशी तुलना केली तर उत्तर बदलतं. म्हणून कुणी तुलना करून सांगितली की आधी दोन्ही बाजूंची सालं विचारा.

‘लॉसूट’ म्हणताच जास्त पैसे देणं

विकणारा ‘लॉसूट गिटार’, म्हणजे खटल्यातली गिटार, म्हणतो आणि किंमत चढते. खटला झाला होता हे खरं. गिब्सनची मालक नॉर्लिन हिने २८ जून १९७७ रोजी फिलाडेल्फियाच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. तो होता आयबानेझ या जपानी नावाचा अमेरिकेतला व्यवहार पाहणाऱ्या एल्गर या कंपनीवर, आणि वाद होता हेडस्टॉकच्या आकाराचा. १९७८ च्या सुरुवातीला तो न्यायालयाबाहेर मिटला. आयबानेझने हेडस्टॉकचा आकार त्याच्या आधीच, १९७६ मध्ये, बदलायला घेतला होता.

टोकाई, ग्रेको, बर्नी, आरिया या इतर जपानी नावांपैकी कुणावरही तो दावा नव्हता. शिवाय दावा हेडस्टॉकच्या आकाराबद्दल होता, आवाजाबद्दल नव्हता. त्यामुळे त्या शिक्क्यापोटी जास्तीचा एक रुपयाही देण्याचं कारण नाही. उलट लॉसूट म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गिटारी सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या असतात, आणि घडणीच्या दृष्टीने त्याच सगळ्यात कच्च्या.

फक्त नाव बघणं, दर्जा न बघणं

आयबानेझ हे होशिनो गाक्कीचं नाव, ग्रेको हे कांदा शोकाईचं, बर्नी हे फर्नांडिसचं. हे सगळे मुळात विकणारे. गिटार बनवणारे कारखाने वेगळे आणि एकाच नावाचा माल वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेला. मात्सुमोतोत फुजीजेनखेरीज मात्सुमोकू हा दुसरा मोठा कारखाना होता. आरियाच्या बऱ्याच गिटारी त्याने बनवल्या आणि १९८७ मध्ये तो बंद पडला. तेव्हा ‘ग्रेको म्हणजे फुजीजेन, म्हणजे उत्तम’ ही साखळी पहिल्याच दुव्याला तुटू शकते.

यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे मॉडेलचा आकडा. जपानी कंपन्यांनी मॉडेलच्या नावातच किंमत घातली. टोकाई एलएस-५० म्हणजे त्या वेळी पन्नास हजार येन, एलएस-१२० म्हणजे एक लाख वीस हजार. ग्रेकोचा आकडा शंभरांत मोजायचा: ईजी-५०० पन्नास हजारांची, ईजी-१००० एक लाखाची. फेंडर जपानच्या एसटी६२-६५ मध्ये ६२ हे ज्या सालची नक्कल केली ते साल आणि ६५ म्हणजे पासष्ट हजार येन. आयबानेझच्या २३५० सारख्या आकड्यांतून मात्र किंमत निघत नाही.

या आकड्यातला फरक खोलवर जातो. लाकडाची निवड, किती तुकडे जोडले, पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबकी भाग) कुठले, पातळ लॅकर की जाड पॉलिएस्टरचा थर, नेकचा सांधा बॉडीत किती खोल गेलाय, बाइंडिंग (कडेची पट्टी) फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, टोकांवर चढवलंय का, हे सगळं किंमतीबरोबर बदलतं. एलएस-५० वाजवून ‘टोकाईत काही दम नाही’ म्हणणं किंवा एलएस-१२० चं कौतुक वाचून एलएस-५० त्याच भावाने घेणं, दोन्ही चुकीचं. मधल्या दर्जाच्या, साठ ते ऐंशी हजार येनांच्या गिटारी मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. त्यांत घडण पक्की असते आणि संग्रह करणाऱ्यांची झुंबड थोडी कमी असते.

आतून न पाहणं

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या कितीतरी लेस पॉल कॉपींची नेक फेंडरसारखी बोल्टने बसवलेली असते. मागची चार स्क्रूंची पट्टी पाहिली की ते कळतं. दुसरी गोष्ट वरून कळत नाही. वरची कमान मेपलची कोरलेली नसून दाबून वाकवलेल्या प्लायवूडची असते आणि तिच्याखाली पोकळी असते. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आणि नॉब यांच्या मधल्या भागावर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला की पिकअपच्या चौकटीचे चार स्क्रू काढून आतली कड बघा, थर स्पष्ट दिसतील. अशी गिटार वाईटच असते असं नाही, काहींचा आवाज मोकळा आणि गोड असतो. पण मोठ्या आवाजात ती लवकर शिट्टी मारते. अखंड बॉडीच्या गिटारीची किंमत तिला द्यायची नाही.

नट (हेडस्टॉकजवळची तारा टेकायची पट्टी) ते बारावा फ्रेट हे अंतर मोजून दुप्पट करा. गिब्सन घराण्यात ते साधारण ६२८ मिलिमीटर येतं, फेंडर घराण्यात ६४८. तारांचा ताण हाताला वेगळा का लागतो, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

सिरियल नंबरवर आंधळा विश्वास

१९७५ पासून पुढची काही वर्षं आयबानेझच्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे सालाचे. त्या आधीच्या आयबानेझवर नंबरच नाही. टोकाईच्या सात आकडी नंबरात पहिला आकडा सालाचा: ८ म्हणजे १९७८, ० म्हणजे १९८०.

पण नंबर फक्त तो ज्या भागावर आहे त्या भागाबद्दल बोलतो. बोल्टच्या गिटारीत नेक आणि बॉडी सहज अदलाबदल होतात. फेंडर जपान मार्च १९८२ मध्ये कांदा शोकाई आणि यामानो या जपानी कंपन्यांच्या भागीदारीत सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या, जेव्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सिरियल नंबरांना आज मोठा भाव आहे, त्यामुळे जेव्ही नेक आणि दुसऱ्याच बॉडीची जोडी करून विकणारेही आहेत. नेक उतरवून तिच्या टाचेवरचा आणि खोबणीतला शिक्का पाहायला मागा. विकणारा तयार नसेल तर निदान फोटो मागा.

जेव्हीतही दर्जा आहेच. एसटी५७-११५ मध्ये अमेरिकेत बनलेले पिकअप आहेत, एसटी५७-६५ मध्ये जपानी. दोन्हींना ‘जेव्ही स्ट्रॅट’ म्हणून एकाच तागडीत घालणं चूक. आणि हेडस्टॉकवर गिब्सनचं नाव चिकटवलेली ग्रेको कितीही सुंदर वाजली तरी ती खोटी गिटार झाली. ती घेऊ नका.

वाजवून पाहताना

एका गिटारीवर नव्या तारा, दुसरीवर गंजलेल्या. एकीचे पिकअप तारांना भिडलेले, दुसरीचे खाली बसलेले. अशा तुलनेतून लाकडाबद्दल काहीच कळत नाही. दोन्हींवर एकाच मापाच्या नव्या तारा चढवा, शेवटचा फ्रेट दाबून तार ते पिकअप हे अंतर दोन्हीकडे सारखं करा, अँप आणि केबल एकच ठेवा. आधी अँपशिवाय ऐका: सूर किती वेळ टिकतो, कुठल्या फ्रेटवर एकदम मरतो.

जपानी गिटार बारीक किंवा मंद वाटली तर पिकअप बदलायची घाई करू नका. मल्टिमीटर घेऊन व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा फिरता रोध) किती किलोओहमचा आहे ते बघा. हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) साधारण ५०० लागतो. सत्तरच्या दशकात गिब्सननेच ३०० चे पॉट आणि टोनला १०० चे वापरले होते, त्यामुळे ‘मूळ गिटार मंद वाजते’ हा अनुभवही पुष्कळदा पॉटचाच असतो. मॅक्सन या जपानी कंपनीच्या जुन्या पिकअपना आज मोठी मागणी आहे. ते एकदा काढून विकले गेले की गिटारची किंमत आणि तिचं स्वतःचं बोलणं दोन्ही जातं.

जास्त गेनवर पिकअप शिट्टी मारत असतील तर मेणात बुडवण्याचा उपाय आहे, पण मेण साधारण ६०-६५ अंशांपर्यंतच तापवायचं, नाहीतर आतलं प्लास्टिक वाकतं. आधी चौकटीचे स्क्रू आणि स्प्रिंग सैल आहेत का ते बघा. बरेचदा तेवढंच पुरतं.

अमेरिकी भाग जबरदस्तीने बसवणं

कॉपी असली तरी मापं मिलिमीटरची आहेत. ब्रिजच्या खांबांना, टेलपीसच्या स्टडना मेट्रिक आटे असतात आणि अमेरिकी भागांचे आटे इंचातले. दोन-तीन फेरे बसतात आणि मग अडतं. तिथे जोर लावला की आटे जातात किंवा बॉडीतली बुशिंग उखडते. नॉबचंही तसंच: जपानी पॉटच्या दांड्याचे दाते मोठे आणि कमी, अमेरिकी नॉबचे बारीक आणि जास्त. स्ट्रॅटचा ब्रिज बदलायचा तर पहिल्या आणि शेवटच्या स्क्रूमधलं अंतर मोजल्याशिवाय मागवू नका.

ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, तिचा बाक ठरवणाऱ्या सळईला) इंचातली चावी बसल्यासारखी वाटते, पण किंचित सैल असते आणि नटच्या कडा गोल करते. तारा सैल करा, मापाची मिलिमीटरची चावी घ्या, पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नको. आणि विकत घेण्याआधीच रॉड दोन्ही दिशांना फिरतो का हे विचारा. पूर्ण आवळून संपलेला रॉड हा जुन्या गिटारमधला सगळ्यात महागडा दोष. त्याच्या खालोखाल फ्रेट. बाइंडिंगने झाकलेल्या टोकांचे फ्रेट बदलले की मूळ घडण सहसा जाते, म्हणून फ्रेट किती उरलेत याचा जवळून काढलेला फोटो हवा.

मागवल्यावर

मागे कललेला हेडस्टॉक वाटेत तुटतो. तारा सैल करून, हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना भरपूर कापूस किंवा फोम भरायला विकणाऱ्याला लेखी सांगा. फ्रेटबोर्ड रोझवूडचा असतो म्हणून कागदपत्रांची भीती दाखवली जाते. शिसव धरून डाल्बर्जियाच्या सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या दुर्मीळ जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आल्या होत्या, पण तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला ती सूट नाही. वरच्या दर्जाच्या गिटारीत ते लाकूड असल्याचा दावा विकणारा करत असेल, तर परवान्याचंही त्यालाच विचारा.

मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात गिटार आली तर लगेच ट्रस रॉडला हात लावू नका. काही दिवस खोलीत राहू द्या, लाकूड इथली हवा पिऊन स्थिरावतं, मग सेटअप करा. गिटारबरोबर जपानमधलाच जुना अँप घेतला असेल तर तो १०० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टवर योग्य क्षमतेच्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो एकदाही सुरू करू नका.