घाटातली स्टेज बघायची कशी

टूर द फ्रान्स किंवा इटलीतली जिरो, म्हणजे रोज एक स्टेज अशी तीन आठवडे चालणारी सायकल रेस, पहिल्यांदा बघायला बसलेल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "शेवटचे दहा किलोमीटर बघ, बाकी वेळ झोप काढ." असं सांगणाऱ्याला घाटातली रेस कळलेली नाही असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये निकाल दिसतो, पण तो तसा का लागला हे आधीच्या दोन घाटांत आणि मधल्या सपाटीवर ठरलेलं असतं.

आधी स्टेजचं प्रोफाइल, म्हणजे चढउतारांचा आलेख, उघडा. घाटांना ४ ते १ असे नंबर असतात आणि टूरमध्ये १ च्याही वर 'होर्स कॅटेगरी', म्हणजे सगळ्यात अवघड, त्या नंबरांकडे फार लक्ष देऊ नका, तुम्हाला दोनच गोष्टी हव्यात. एक, फिनिश माथ्यावर आहे की घाट उतरून खाली. दोन, शेवटच्या चढाचे टक्के किती. ४-५ टक्क्यांचा चढ असेल तर स्पीड बऱ्यापैकी असतो आणि पुढचा वारा अडवतो म्हणून त्याच्या मागे चिकटून बसणाऱ्याची ताकद चांगलीच वाचते. चढ ९-१० टक्क्यांवर गेला की स्पीड पडतो, मागे बसण्याचा फायदाही आटतो, मग ज्याच्या पायात दम तो पुढे. सगळी डावपेचगिरी या फरकावर चालते त्यामुळे हे आधीच बघून ठेवा.

मग एकूण वेळेच्या यादीतले, म्हणजे जीसीचे, पहिले पाच जण आणि त्यांच्यातले सेकंद कागदावर लिहून घ्या. पहिल्या तिघांना फिनिशवर १०, ६ आणि ४ सेकंद बोनस मिळतो, म्हणजे तेवढे सेकंद एकूण वेळेतून वजा होतात, तेही लक्षात असू द्या.

ब्रेकअवे, म्हणजे सगळ्यांच्या पुढे निघून जाणारा छोटा गट, सुटला की त्यात कोण आहे बघा, म्हणजे नाव नाही, टीम बघा. जीसीवाल्या टीमचा एखादा तगडा माणूस सकाळीच पुढे गेला असेल तर तो बहुतेक वेळा स्टेज जिंकायला गेलेला नसतो, त्याला पुढे पेरून ठेवलेलं असतं, लीडर मागून अटॅक करून आला की हा थांबून त्याला ओढायला, म्हणजे पुढे राहून वारा अडवायला, तयार. २०११ च्या टूरमध्ये अँडी श्लेकने फिनिशच्या साधारण ६० किलोमीटर आधी इझोआर घाटावर अटॅक केला तेव्हा त्याचे दोन टीममेट, पोस्थुमा आणि मॉनफोर्ट, आधीच पुढे होते. एकटा असता तर मधल्या सपाटीवर त्याचा जीवच गेला असता.

शेवटून दुसऱ्या घाटावर प्रत्येक लीडरजवळ किती मदतनीस उरलेत ते मोजा. ज्याच्याजवळ एकही नाही त्याला आता प्रत्येक अटॅकमागे स्वतः धावावं लागणार. २०२२ च्या टूरमध्ये गालिबिएर घाटाकडे जाताना एकाच टीमच्या रोग्लिच आणि व्हिंगेगार्डने पाळीपाळीने अटॅक करून पोगाचारला हेच करायला लावलं, तो प्रत्येक वेळी मागे गेला, बघणाऱ्यांना वाटलं काय जबरदस्त चाललाय, आणि शेवटी ग्रानोनच्या चढावर तो जो तुटला तो एका स्टेजमध्ये २ मिनिटं ५१ सेकंद गमावून आणि टूरच्या लीडरची पिवळी जर्सी देऊन बसला.

आता खरी अवघड जागा. एक जण सुटलाय, मागे दोन-तीन तगडे लोक एकत्र आहेत, तरी त्याला पकडत का नाहीत? मलाही हा भाग बरीच वर्षं डोक्यात शिरत नव्हता, आणि कॉमेंट्री ऐकून तर अजिबात कळत नाही कारण ते "थकले वाटतं" म्हणून मोकळे होतात. थकलेले नसतात हो. ते भांडत असतात, फक्त आवाज येत नाही. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा, हा पुढचा माणूस निसटला तर सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं? ओढायचं काम त्याचं. आणि तो ओढत नसेल तर कॅमेरा पुढच्या माणसावर असला तरी तुमचं लक्ष मागच्यांवर ठेवा, रेस तिथे चाललीय.

२०२५ च्या जिरोची २० वी स्टेज घ्या, शेवटून दुसरा दिवस. जिरोच्या लीडरची गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या इसाक डेल टोरोकडे, ४३ सेकंदांवर इक्वेडोरचा कारापाझ, १ मिनिट २१ सेकंदांवर सायमन येट्स. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे नावाचा घाट, वरचा भाग कच्च्या रस्त्याचा, तिथे येट्स सुटला. डेल टोरोचा हिशोब असा की मी ओढलं तर मागे बसलेला कारापाझ ताजा राहून मलाच सोडून जाईल. कारापाझचा हिशोब असा की जर्सी त्याच्या अंगावर आहे, तर राखायची त्याने. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तिकडे येट्सचा टीममेट वाउट व्हान आर्ट सकाळच्या ब्रेकमधून पुढे जाऊन थांबलेला, त्याने घाटाखालच्या रस्त्यावर येट्सला ओढत नेलं. सेस्त्रिएरचा शेवटचा चढ सौम्य, म्हणजे मागे बसणाऱ्याला फायदा देणारा, आणि अंतर पाच मिनिटांच्या वर गेलं. येट्स जिरो जिंकला. याच फिनेस्त्रेवरून २०१८ च्या जिरोत ख्रिस फ्रूम फिनिशपर्यंत ८० किलोमीटर एकटा पळाला होता आणि त्या दिवशी गुलाबी जर्सी गमावणारा माणूस हाच येट्स, पण ते जाऊ दे.

आता उलटं उदाहरण बघा, परत २०११ चीच ती श्लेकवाली स्टेज. तो पुढे, मागे कॅडेल इव्हान्स आणि सगळे मोठे लोक, कोणी मदतीला येईना. इव्हान्सने हुज्जत घातली नाही, गालिबिएरच्या चढावर सगळ्यांना पाठीवर घेऊन एकट्याने ओढलं, मागचे फुकट बसले तर बसू दे. चार मिनिटांच्या पुढे गेलेली आघाडी फिनिशला २ मिनिटं १५ सेकंदांवर आली आणि दोन दिवसांनी टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या स्टेजमध्ये, त्याने टूर खिशात घातली. "मी एकटाच का ओढू" हे न्यायाचं वाटतं पण ज्याचं नुकसान सगळ्यात मोठं आहे त्याला हा हट्ट परवडत नाही, मागचा फुकट्या दहा सेकंद घेईल, पुढचा पाच मिनिटं घेऊन जाईल.

याच ठिकाणी नवीन लोक चेहरे वाचायला जातात. नका वाचू. १९६४ च्या टूरमध्ये प्युय द डोमच्या चढावर लीडर ऑंकतिल पार दमलेला होता, पण प्रतिस्पर्धी पुलिदोरच्या मागे न बसता खांद्याला खांदा लावून चालवत राहिला, जणू काही झालंच नाही. पुलिदोरने खरा अटॅक केला तोवर उशीर झाला होता, ऑंकतिलने जर्सी १४ सेकंदांनी वाचवली. त्यापेक्षा चाक बघा. पुढच्याच्या मागच्या चाकापासून एक मीटर अंतर पडलं, भरून काढलं, परत पडलं, की समजा दोन मिनिटांत हा गेला.

वॅटचे आकडे, ताकद भागिले वजन वगैरे सोशल मीडियावरचं गणित स्टेज चालू असताना बघू नका, त्याने काहीही कळत नाही.

फिनिशला जिंकणाऱ्याचे वर गेलेले हात बघून टीव्ही बंद करायचा नाही, घड्याळ बघायचं आणि तुमच्या कागदावरचे सेकंद बदलायचे. सपाट स्टेजला शेवटच्या टप्प्यात कोणी पडलं तर त्याला त्याच्या ग्रुपचा वेळ मिळतो, माथ्यावरच्या फिनिशला ती सवलत नाही. आणि वेळ असेल तर अजून अर्धा तास थांबून मागून येणारे स्प्रिंटर, म्हणजे सपाटीवर तेज पण घाटात मागे पडणारे लोक, बघा, ते टाइम लिमिटच्या आत पोचायला घोळका करून येतात आणि त्या घोळक्यात एकमेकांचे कट्टर दुश्मनसुद्धा शहाण्यासारखे पाळीपाळीने ओढत असतात.