बाईकच्या हेडलाईटचा उजेड वाढवताय? आधी एवढं करा

ताम्हिणी घाटात रात्री पावसात खड्डा चाकाखाली आल्यावरच दिसतो ना, म्हणून लगेच पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात जाऊन पांढराफेक एलईडी घेऊ नका. आधी काच आणि आतला रिफ्लेक्टर (बल्बमागची चकचकीत वाटी) बघा, पिवळा पडला असेल तर कुठलाही बल्ब टाका, उजेड पडणार नाही. मग जुन्या बल्बवर वाचा, एचएस१ म्हणजे ३५ वॅट, एच४ म्हणजे ६०/५५ वॅट (हाय बीम ६०, लो बीम ५५), उगाच जास्त वॅटचा टाकला की होल्डर वितळतो, वायरिंग करपतं. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने बल्ब लवकर उडतो. शेवटी गाडीवर बसून भिंतीपासून ५ मीटरवर लो बीम मारा, उजेडाची वरची कड हेडलाईटच्या मध्यापेक्षा तीन बोटं खाली पाहिजे, समोरच्याचे डोळे दिपवू नका प्लीज.