पहिल्या तीन महिन्यांतला रक्तस्राव : या चुका टाळा

गर्भारपणाच्या सहाव्या-आठव्या आठवड्यात कपड्याला रक्ताचा डाग दिसला की घरात लगेच दोन गोष्टी होतात. गर्भवतीला पलंगावर झोपवतात, आणि काय खाल्लं, काय उचललं याची चौकशी सुरू होते. खरं तर साधारण चारातल्या एका गर्भारपणात सुरुवातीला थोडंफार रक्त जातं आणि त्यातली बरीच पुढे नीट पार पडतात. पहिल्या काही तासांत विचारायचे प्रश्न वेगळे आहेत : गर्भ गर्भाशयातच आहे ना? ठोके दिसतात का? तिचा रक्तगट कोणता?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गर्भाची जागा सोनोग्राफीत कळलेली नसताना ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणणं. घरच्या चाचणीत दोन रेघा आल्या म्हणजे दिवस राहिलेत एवढंच कळतं, कुठे ते नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असेल तर अंगावरून जेमतेम डाग जातो, पण नळी फुटली तर पोटात रक्त साचत राहतं. ओटीपोटात एका बाजूला दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, घाम, चक्कर यातलं काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचंच. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबरला फोन करा.

आतून केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीला बायका घाबरतात, ‘त्यानं आणखी रक्त जाईल’ म्हणून नकार देतात. या तपासणीनं बाळाला धोका होत नाही, आणि इतक्या लवकर पोटावरून दिसणार नाही ते तिच्यात दिसतं. उलट घाईही नको. पाचव्या आठवड्यात ठोके दिसले नाहीत म्हणजे सगळं संपलं असं नाही, तारखाही मागेपुढे असू शकतात. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर बहुधा आठवडाभरानं पुन्हा बघतात किंवा ४८ तासांच्या अंतरानं बीटा एचसीजी (गर्भारपणातल्या हार्मोनची रक्तचाचणी) करतात. त्याआधी पिशवी साफ करण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरं मत जरूर घ्या.

रिपोर्टमध्ये कधी ‘सबकोरिऑनिक हिमॅटोमा’ लिहून येतं. म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामध्ये साचलेलं रक्त. ठोके चांगले असतील तर बहुतेक वेळा ते हळूहळू जिरतं किंवा बाहेर पडतं, आणि बाहेर पडताना कित्येक दिवस तपकिरी डाग लागत राहतात. तपकिरी रक्त जुनं असतं. इथे लोक सेंटिमीटर मोजत बसतात. दोन ठिकाणच्या सोनोग्राफीत ‘२.१ चं २.४ झालं’ म्हणून रात्रभर रडायचं कारण नाही, मोजणाऱ्याचा हात आणि कोन बदलला तरी एवढा फरक पडतो. शक्यतो एकाच ठिकाणी तपासा.

किती रक्त जातंय हे डोळ्यांच्या अंदाजानं सांगू नका. सॅनिटरी पॅडच वापरा, टॅम्पॉन किंवा कप नको, आणि किती वेळानं बदललं ते लिहून ठेवा. सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजले, ताप आला किंवा स्रावाला घाण वास यायला लागला, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

आता पलंगाबद्दल, कारण आपल्याकडे यावरच सगळा भर असतो. पायाखाली उशा, आंघोळसुद्धा बंद! वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००५ च्या आढाव्यात असं पडून राहिल्यानं गर्भपात टळतो याचा भक्कम पुरावा सापडला नाही. महिनाभर झोपून राहिल्यानं बद्धकोष्ठता होते, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, नोकरी आणि मन दोन्ही डळमळतात. जड उचलणं आणि शारीरिक संबंध काही दिवस थांबवायला डॉक्टर सांगतात, ते पाळावं. घरात हिंडायला-फिरायला हरकत नसते.

प्रोजेस्टेरॉनच्या (गर्भ टिकायला लागणाऱ्या हार्मोनच्या) गोळ्या जावेच्या चिठ्ठीवरून आणू नका. ब्रिटनमध्ये ४,१५३ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०१९ चे) सरसकट सगळ्यांना ठोस फायदा दिसला नाही. आधी गर्भपात झालेल्या आणि आता रक्त जात असलेल्या स्त्रियांना मात्र तो दिसला. म्हणून आधीचा इतिहास डॉक्टरांना लपवून न ठेवता सांगा, सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या तरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, स्वतःहून बंद करू नका. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन घेऊ नका. आणि रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा : अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून) लागेल असं ठरलं, तर ते रक्त जायला लागल्यापासून ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

घरच्यांनी मात्र तिची चौकशी थांबवावी. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, ते पपईच्या फोडीनं किंवा स्कूटरवरून गेल्यानं घडत नाहीत. ‘तरी सांगत होते’ हे वाक्य तिच्या कानावर पडू देऊ नका. त्यापेक्षा रक्तगटाचा कागद, जुने रिपोर्ट आणि शेवटच्या पाळीची तारीख एका फाइलमध्ये लावून ती दाराजवळ ठेवा, आणि रात्री गाडी कोण काढणार ते आजच ठरवा.