टाउन्सव्हिलच्या इमर्जन्सीत लोकम शिफ्ट घेण्यापूर्वी : सीमाभागातील डॉक्टरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून एमबीबीएस होऊन ऑस्ट्रेलियात आलेल्या, किंवा येण्याच्या तयारीत असलेल्या मराठी डॉक्टरांशी बोलणे झाले की लोकम शिफ्टचा, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयात काही दिवस बदली डॉक्टर म्हणून काम करण्याचा, विषय निघतोच. तासाचा दर चांगला असतो, तिकीट आणि राहण्याची सोय बहुधा एजन्सी किंवा रुग्णालय करते, महिन्यातले मोजके दिवस काम केले तरी घर चालते, हे सगळे खरे आहे. मी खानापूर तालुक्यातला. क्वीन्सलँडच्या उत्तर किनाऱ्यावरील टाउन्सव्हिल शहरात स्थायिक होऊन मला बराच काळ झाला आहे आणि या किनारपट्टीवरच्या इमर्जन्सी विभागांत मी कायम नोकरीही केली आहे, बदली डॉक्टर म्हणूनही उभा राहिलो आहे. माझे मत स्पष्ट आहे : लोकम हे इथे आल्यावर करायचे पहिले काम नव्हे, आणि ज्याला मध्यरात्री अनोळखी वरिष्ठाला संकोच न करता फोन लावता येत नाही, त्याने ते नंतरही करू नये.

नोंदणीचे नियम पाहिले तरी पहिल्या वर्षी हा मार्ग जवळपास बंदच असतो. भारतात पदवी घेतलेल्यांचा नेहमीचा मार्ग म्हणजे ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची १५० प्रश्नांची, साडेतीन तासांची संगणकावरील परीक्षा, त्यानंतर क्लिनिकल परीक्षा किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात काम करतानाचे मूल्यमापन, आणि देखरेखीखालचे किमान १२ महिन्यांचे काम. या काळातली नोंदणी मर्यादित किंवा तात्पुरत्या स्वरूपाची असते. रुग्णालय, पद आणि देखरेख करणारा डॉक्टर हे सगळे ठरलेले असते, त्यामुळे शनिवार-रविवारी दुसऱ्या गावी जाऊन शिफ्ट करता येत नाही. ब्रिटनमार्गे येणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे, पण पहिल्या वर्षाची देखरेख त्यांनाही चुकत नाही. ज्यांचा व्हिसा एका मालकाशी बांधलेला आहे, त्यांनी दुसरीकडे काम घेण्यापूर्वी व्हिसाच्या अटी शब्दन् शब्द वाचाव्यात. हे पहिले वर्ष एकाच विभागात काढावे, तिथली माणसे, तिथले फॉर्म आणि तिथली बोलण्याची पद्धत अंगवळणी पडू द्यावी, असा माझा आग्रह आहे. लोकमला जाताना हीच शिदोरी कामाला येते.

कागदपत्रांत आपल्याकडचे डॉक्टर हमखास अडकतात ते लसीकरणाच्या पुराव्यापाशी. लहानपणी खानापूरच्या किंवा निपाणीच्या दवाखान्यात टोचलेल्या लसींची नोंद कोणाकडे नसते, आणि इथे प्रत्येक रुग्णालय हिपॅटायटिस-बी, गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, डांग्या खोकला आणि क्षयरोगाची तपासणी यांचा लेखी पुरावा मागते. रक्ताच्या चाचण्या आणि राहिलेले डोस वर्षभर आधीच पूर्ण करून ठेवावेत. अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टचे चालू प्रमाणपत्र, अलीकडे सोबत काम केलेल्या वरिष्ठांचे संदर्भ आणि स्वतःचा व्यावसायिक विमा ही तयारीही हवी, कारण एका रुग्णालयाने केलेली पडताळणी दुसऱ्याला चालेलच असे नाही.

शिफ्ट सुरू होण्याआधी निदान अर्धा तास पोहोचावे. संगणकाचा पासवर्ड चालतो का, रक्तवायूंचे यंत्र कुठे आहे, अवघड श्वासमार्गाची ट्रॉली कुठे आहे, ओ-निगेटिव्ह रक्त कोणाकडून मिळते, आज रात्री भूल देणारा डॉक्टर इमारतीत आहे की घरी, आणि तुमचा वरिष्ठ कोण, त्याचा नंबर काय, हे सगळे पहिला रुग्ण पाहण्याआधी विचारून लिहून घ्यावे. इथे रुग्णांची वर्गवारी पाच पायऱ्यांत होते : पहिल्या पायरीतील रुग्ण तत्काळ पाहायचा, दुसरीतील १० मिनिटांत, तिसरीतील ३०, चौथीतील ६० आणि पाचवीतील १२० मिनिटांत. ही वर्गवारी अनुभवी परिचारिका करते. तिने कोणाला दुसऱ्या पायरीत बसवले असेल आणि तुम्हाला तो रुग्ण ठीक दिसत असेल, तर आधी तिला काय दिसले ते विचारा. बेळगावच्या कॅज्युअल्टीत आपल्याला शिकवलेली उतरंड इथे नाही. कन्सल्टंटला पहिल्या नावाने हाक मारतात आणि परिचारिका डॉक्टरांची ऑर्डर थांबवून कारण विचारते, यात कोणाचाही अपमान नसतो.

आता मुख्य गोष्ट. सिव्हिलमध्ये किंवा तालुक्याच्या ठिकाणी काम केलेल्या आपल्या मुलामुलींचे हात चांगले तयार झालेले असतात. गर्दी, अपुरी माणसे, अपुरी औषधे अशा परिस्थितीत त्यांनी रात्री एकट्याने काढलेल्या असतात, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मात्र त्याच सवयीतून एक समज घट्ट होतो, की सरांना झोपेतून उठवणे म्हणजे आपल्याला जमत नाही असे कबूल करणे. इथे हा समज जिवावर बेततो, रुग्णाच्याही आणि तुमच्या नोंदणीच्याही. तुम्ही लोकम असता तेव्हा तुमची क्षमता तिथे कोणालाच ठाऊक नसते. तुम्ही गप्प आहात याचा अर्थ सर्व ठीक आहे, असाच घेतला जातो. म्हणून शिफ्टच्या सुरुवातीलाच वरिष्ठाला स्वतःहून सांगावे : मी अमुक करू शकतो, लहान मुलांचा अनुभव कमी आहे, अमुक बाबतीत मी फोन करीन. फोनवर आधी स्वतःची ओळख, मग परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचे निदान आणि तुम्हाला नेमके काय हवे आहे, या क्रमाने बोलावे. ‘तुम्ही इथे येऊन रुग्ण पाहावा, असे मला वाटते’ हे वाक्य पहिल्या मिनिटातच बोलून टाकावे. आढेवेढे घेत, सरांचा मूड पाहत केलेला फोन समोरच्याला तातडीचा वाटत नाही.

रुग्णांचे आजार काही ओळखीचे असतील, काही अगदी नवे. सापाचे उदाहरण घ्या. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून येणाऱ्या घोणस, फुरसे, नाग, मण्यार यांच्या दंशांवर आपण एकच बहुगुणी प्रतिविष देतो आणि काचेच्या नळीत २० मिनिटे रक्त ठेवून ते गोठते का हे पाहतो. इथले विषारी साप नाग-मण्यारच्याच कुळातले, पण वेगळ्या जातींचे आहेत. दंश झालेल्या पूर्ण हातापायाला दाबपट्टी बांधून, तो हलू न देता रुग्णाला आणतात, आणि ती पट्टी प्रयोगशाळा व प्रतिविष हाताशी असल्याशिवाय सोडायची नसते. काचेच्या नळीची चाचणी इथे ग्राह्य नाही. रक्त गोठण्याच्या चाचण्या प्रयोगशाळेतून, ठरलेल्या अंतराने पुन्हा पुन्हा करतात. ऊस-तंबाखूच्या पट्ट्यात रोज दिसणारे कीटकनाशकाचे विष इथे क्वचितच येते, त्याऐवजी पॅरासिटामॉलचा अतिरेकी डोस वारंवार येतो : चार तासांनंतरची रक्तपातळी आलेखावर पाहायची आणि गरज असल्यास पहिल्या आठ तासांतच उतारा म्हणून अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू करायचे. कोणत्याही विषबाधेसाठी १३ ११ २६ हा देशभराचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो फिरवण्यात संकोच नको.

समुद्रातून येणारे रुग्ण आपल्याला पूर्ण नवे. नोव्हेंबर ते मे या काळात उत्तर किनाऱ्यावर विषारी जेलीफिशचा धोका असतो. बॉक्स जेलीफिशच्या दंशावर भरपूर व्हिनेगर ओतायचे, हृदयक्रिया थांबण्याची तयारी ठेवायची. तिच्यावर प्रतिविष आहे. इरुकांडजी या दुसऱ्या, लहानशा जेलीफिशच्या बाबतीत मात्र दंशाची खूण नगण्य असते, अर्ध्या तासाच्या आसपास कंबर-पाठीत असह्य वेदना, घाम, अस्वस्थता आणि वाढलेला रक्तदाब दिसतो, आणि त्यावर प्रतिविष नाही. पोहून आलेला, तडफडणारा तरुण घाबरट नसतो, हे लक्षात असू द्यावे. पावसाळ्यात मधुमेही किंवा मद्यपी रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला, तर मेलिऑइडोसिसचा विचार पहिल्या तासातच करावा. मातीतला हा जिवाणू उडुपी-मंगळूरच्या किनाऱ्यावरही आढळतो, पण आपल्या घाटमाथ्यावर त्याची आठवण फारशी ठेवली जात नाही. नेहमीच्या प्रतिजैविकावर, म्हणजे सेफ्ट्रायअ‍ॅक्झोनवर इथे विसंबता येत नाही, मेरोपेनेम किंवा सेफ्टाझिडिम लागते.

आपल्याकडे रुग्णासोबत अर्धी गल्ली येते आणि निर्णय घरातला वडीलधारा सांगतो. इथे शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय मुलालाही सांगता येत नाही. मराठी, कन्नड, हिंदी, कोकणी यांवर सहज फिरणारी आपली जीभ ही मोठी देणगी आहे, तरी दुसऱ्या भाषेच्या रुग्णासाठी नातेवाइकाला दुभाषी करू नये. १३१ ४५० वर फोनवरून अधिकृत दुभाषी मिळतो. आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरच्या रुग्णांसाठी विभागातील संपर्क कर्मचाऱ्याला लवकर बोलवावे, कारण ही माणसे न सांगता निघून गेली तर त्यामागे बहुतेक वेळा आपलेच तुटक वागणे असते.

क्वीन्सलँडचे कायदे शेजारच्या राज्यांना लागू नसतात, आणि लोकमला हे पहिल्याच रात्री लागते. मानसिक संकटात पोलीस किंवा रुग्णवाहिकेने आणलेल्या माणसाला किती तास आणि कोणत्या अधिकाराखाली ठेवता येते, हे त्या राज्याच्या फॉर्मवरून पाहावे. ऑक्सिकोडोनसारखी, सवय लावू शकणारी वेदनाशामके लिहिण्याआधी इथे क्यूस्क्रिप्ट या, अशा औषधांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीत रुग्णाची नोंद तपासणे बंधनकारक आहे.

पैशांचे थोडक्यात. कर कोण कापणार, तुम्ही पगारी की कंत्राटी, सुपरॲन्युएशन (‘सुपर’, म्हणजे मालकाने भरायचा निवृत्तिनिधी) दरात धरले आहे की वेगळे, शिफ्ट ऐन वेळी रद्द झाली तर काय मिळेल, हे लेखी घ्यावे. १ जुलै २०२५ पासून सुपरचा दर १२ टक्के आहे. आजारपणाची रजा आणि सुट्टीचा पगार लोकमला नसतो, म्हणून तासाच्या दराची तुलना कायम नोकरीच्या मूळ पगाराशी करू नये.

आणि शिक्षणाची तजवीज स्वतः करावी लागते. बदली डॉक्टरला कोणी अध्यापनाच्या तासाला बसवत नाही, आणि नोंदणी टिकवायला मात्र वर्षाला ५० तासांचे शिक्षण नोंदवावे लागते, तेही एखाद्या मान्य सीपीडी होममार्फत, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेमार्फत. जानेवारीतच नाव घालावे, प्रत्येक शिफ्टनंतर शिकण्याजोग्या रुग्णांची नाव-पत्ता वगळून टिपणे ठेवावीत, आणि ज्या कन्सल्टंटने तुमचे काम प्रत्यक्ष पाहिले त्याच्याकडे संदर्भासाठी त्याच आठवड्यात विचारणा करावी. दोन महिन्यांनी त्याला तुमचा चेहरा आठवेल याची खात्री नाही.