नेस्कची घळ: प्रोव्हान्समधला शांत चढ

दक्षिण फ्रान्समधल्या नेस्क नदीच्या घळीतून सायकलने जायचं तर व्हील-स्युर-ओझों गावाहून डी-९४२ रस्ता धरायचा. ‘सो’ या गावापर्यंत सुमारे २४ किमी. सोला जाणारी बरीचशी वाहनं डी-१ वरून जातात, म्हणून इकडे शांतता.

चढ साधारण २-३ टक्क्यांचा, दरीचं दृश्य दिसतं त्या कास्तेलारासच्या ७३४ मीटर उंचीवरच्या कठड्यापर्यंत. ३४×२८ गिअर (पुढचं चक्र ३४ दात्यांचं, मागचं २८) भरपूर होतो. फसगत होते ती वेगाची: चढ जाणवतच नाही, मग माणूस सुरुवातीलाच जोर लावतो आणि शेवटच्या ५ किमीत पाय भरून येतात. सुरुवातीला गप्पा मारता येतील इतक्याच दमाने चालवा.

वाटेतल्या मोनियो गावापर्यंत पाण्याची सोय धरून चालू नका. ७५० मिलीच्या दोन बाटल्या भरूनच निघा. जुलैत सकाळी ७ च्या आत निघालेलं बरं, नंतर कातळ तापतात. वळणांवर दरडीचे खडे पडलेले असतात. २८ मिमीचे टायर घाला, हवा थोडी कमी ठेवा. छोटे बोगदे आहेत, मागचा दिवा चालू हवा.

परतीला डी-१ ने ९९६ मीटरची आबेय खिंड ओलांडता येते, पण तिथे वाहनं जास्त. उत्तरेचा मिस्त्राल वारा सुटला असेल तर आल्या वाटेनेच उतरा.